जिंतूरच्या माळावरचा फाल्गुन

२०१६ सालच्या फेब्रुवारीत अमेरिकेतल्या डेथ व्हॅलीकडे जाणाऱ्या रस्त्यांवर मोटारींची गर्दी उसळली होती. वर्षाकाठी जेमतेम पाच-सहा सेंटिमीटर पाऊस पडणारे ते वाळवंट त्या महिन्यात पिवळ्या, जांभळ्या आणि पांढऱ्या फुलांनी भरून गेले होते. आदल्या ऑक्टोबरात तिथे वादळी पाऊस कोसळला होता आणि वर्षानुवर्षे वाळूत पडून असलेले बी एकदम उगवून आले होते. एवढी मोठी फुलांची लाट तिथे त्याआधी २००५ मध्ये आली होती. लोक दिवसभराची सुट्टी काढून, डबा घेऊन फुले पाहायला जात होते.

त्याच वसंतात मराठवाडा टँकरमागे धावत होता. ११ एप्रिल २०१६ रोजी पाण्याने भरलेले डबे घेऊन मिरजेहून रेल्वेगाडी निघाली आणि दुसऱ्या दिवशी लातूरला पोचली. ‘जलदूत’ हे तिचे नाव अजून कुणी विसरलेले नाही. वाळवंटाला फुले आली आणि जिथे माणसे शेती करून राहतात तिथे प्यायला पाणी उरले नाही, असे ते विचित्र वर्ष होते.

मराठवाडा कोरडा असला तरी वाळवंट नव्हे. परभणी जिल्ह्याची पावसाची सरासरी जैसलमेरच्या कित्येक पट आहे. अडचण अशी की हा जवळजवळ सगळा पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत येतो आणि मग आठ महिने आभाळ कोरडे. होळीच्या सुमारास काळी रानं भेगाळायला लागतात, माळावरचे गवत पिवळे पडून मोडते, ओढ्यांत दगड तेवढे उरतात. अशा दिवसांत परभणीहून फुले पाहायला सहल काढायची म्हटले तर शेजारपाजारचे हसतील. पण नेमके हेच दिवस त्या सहलीचे आहेत. फक्त नजर जमिनीकडे न ठेवता वर ठेवावी लागते.

हा फरक पावसाच्या वेळापत्रकाने घडवला आहे. कॅलिफोर्नियाच्या वाळवंटात आणि दक्षिण आफ्रिकेतल्या नामाक्वालँडमध्ये पाऊस मुख्यतः हिवाळ्यात पडतो. थंडी सरली की जमिनीत ओल असते आणि ऊनही सोसवेल इतके असते. तेवढ्या फटीत एका हंगामाची छोटी झुडपे उगवतात, फुलतात, बी टाकतात आणि मरतात. त्यांच्या बियांच्या सालीत उगवण रोखून धरणारी रसायने असतात. चुकार सरीने ती धुऊन जात नाहीत, त्याला दमदार पाऊस लागतो. फ्रिट्स वेंट या डच-अमेरिकन वनस्पतिशास्त्रज्ञाने गेल्या शतकाच्या मध्याला या वाळवंटी बियांवर प्रयोग करून हे गणित मांडले होते. बी पावसाचे माप घेते आणि पुरेसा पडला असेल तरच जोखीम पत्करते.

परभणीच्या माळावरही एका हंगामाच्या झुडपांची कमी नाही. पण त्यांचा हंगाम श्रावण-भाद्रपदाचा. तरोटा, कुरडू, तिळवण ही सगळी मंडळी पावसात येऊन दिवाळीपर्यंत आटोपतात. साताऱ्याजवळचे कास पठार ऑगस्टअखेर ते ऑक्टोबर या काळात फुलते तेही याच कारणाने. वसंतात जमिनीवर ओल नसते, त्यामुळे तो ऋतू झाडांच्या वाट्याला आला. ज्यांची मुळे खोल गेली आहेत आणि ज्यांनी पाने टाकून पाण्याचा खर्च थांबवला आहे, त्यांनाच तो परवडतो. कोस्टा रिकाच्या कोरड्या जंगलांत झालेल्या अभ्यासांनी ही रीत नीट उलगडून दाखवली आहे. पाने गळाली की बाष्पाची गळती थांबते, खोडात पुन्हा पाणी भरते आणि त्या साठ्यावर झाड फुलोरा काढते. पानांचा आडोसा नसल्यामुळे फुले लांबून दिसतात. बीही पाऊस सुरू होण्याच्या आधी तयार होते.

या सहलीसाठी परभणीहून जिंतूरचा रस्ता धरावा. झरी, बोरी अशी गावे मागे टाकत चाळीस-पंचेचाळीस किलोमीटरवर जिंतूर येते. बाहेरगावच्या माणसाने परभणी जंक्शनला उतरून पुढे एसटी किंवा गाडी करावी, कारण जिंतूरला रेल्वे नाही. फेब्रुवारीचा शेवटचा आठवडा ते मार्चचा मध्य हा सर्वांत चांगला काळ. निघायचे ते पहाटे. धपाटे, ठेचा, दही आणि दोघांना लागेल त्याच्या दुप्पट पाणी बरोबर असावे. अकरानंतर माळावर उभे राहण्यात शहाणपण नाही.

पहिले वीसेक किलोमीटर सपाट काळ्या जमिनीचे आहेत. ज्वारीची काढणी चालू असते, कुठे कडब्याच्या गंजी लागलेल्या असतात. मधल्या एखाद्या तुकड्यात करडई दिसते. जानेवारीत पिवळी फुलून पुढे केशरी-तांबडी होत जाणारी तिची फुले आता वाळलेली असतात. करडईची कापणी पहाटेच उरकतात, कारण दवाने काटे मऊ पडलेले असतात. ऊन चढले की हात घालणे अवघड. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाने या पिकावर बरेच काम केले आहे आणि ‘परभणी कुसुम’ हे तिथलेच वाण. १८ मे १९७२ रोजी स्थापन झालेले हे विद्यापीठ जिल्ह्याबाहेर ज्वारी, कापूस, सोयाबीनसाठी ओळखले जाते. करडई मात्र फुलाचे पीक म्हणून कुणाच्या डोळ्यांत भरत नाही. जानेवारीत या रस्त्याने जाणाऱ्याला ती नक्की भुरळ घालते.

बोरीनंतर जमीन उंचसखल होऊ लागते. अजिंठ्याच्या डोंगररांगेचे पूर्वेकडे पसरलेले फाटे जिंतूर तालुक्यात उतरले आहेत. जिल्ह्याच्या दक्षिणेला गंगाखेडच्या बाजूला बालाघाटाच्या टेकड्या आहेत. मधला गोदावरी-दुधनेचा पट्टा सपाट, सुपीक आणि जवळजवळ सगळा नांगराखाली. राज्यात सर्वांत कमी वनक्षेत्र असलेल्या जिल्ह्यांत परभणीचे नाव येते. त्यामुळे इथे जंगलात जाऊन फुले पाहायची नसतात. ती बांधावर, गायरानात, ओढ्याच्या काठाला आणि बरड टेकडीच्या उतरणीवर उभी असतात.

आणि बहुतेक ठिकाणी ती पळसाची असतात.

पळसाचा फुलोरा एकदम येत नाही. माघात झाडाची उरलीसुरली पाने गळतात आणि काळपट, मखमली कळ्यांचे घोस वाकड्यातिकड्या फांद्यांवर दिसू लागतात. त्या काळ्या निदलातून केशरी पाकळी बाहेर पडली की पहिले चार-आठ दिवस झाड अर्धे काळे, अर्धे तांबडे दिसते. नीट पाहणाऱ्याला हेच दिवस अधिक आवडतील. पुरता फुललेला पळस लांबून सुंदर, पण अर्धवट फुललेल्या पळसाजवळ उभे राहिले तर प्रत्येक फूल सुटे दिसते. मागे वळलेली मोठी पाकळी, दोन बाजूंच्या दोन आणि पोपटाच्या चोचीसारखा बाकदार भाग. या चोचीच्या आत पुंकेसर आणि स्त्रीकेसर दडवलेले असतात. फुलाला वास नाही. वासाचे काम रंगाने आणि मधाने भागवलेले आहे, कारण पाहुणे येतात ते मुख्यतः पक्षी.

सकाळी आठच्या आत एखाद्या पळसाखाली दहा मिनिटे थांबले तरी हे पाहुणे मोजता येत नाहीत. जांभळा शिंजीर फुलाजवळ फांदीला लटकून चोच आत घालतो. सातभाई आरडाओरडा करत घोसांवर तुटून पडतात. भांगपाडी मैना, बुलबुल, कोतवाल, पोपट आणि खार. पोपट बरेचदा फूलच तोडून टाकतात. शिंजीर किंवा मैना मधासाठी चोच दाबते तेव्हा बाकदार पाकळी उघडते आणि परागकण तिच्या कपाळाला नाहीतर गळ्याला लागतात. पुढच्या झाडावर तेच कण उतरतात. खारीच्या मिशांनाही हे काम जमते, असे पळसाच्या परागीभवनाचा अभ्यास करणाऱ्यांनी नोंदवले आहे. इतकी वर्दळ असूनही हजारो फुलांतून शेंगा धरतात त्या थोड्या.

या गर्दीतला एक पाहुणा परभणीच्या शेतकऱ्याच्या चांगल्या ओळखीचा आहे. काळे डोके, गुलाबी अंग, थव्याने उडणाऱ्या भोरड्या. पूर्व युरोप आणि मध्य आशियातून पावसाळा संपता संपता त्या दख्खनमध्ये येतात, हुरड्यात आलेल्या ज्वारीवर उतरतात आणि माळ्यावरून गोफण फिरवणाऱ्याला दिवसभर दम घेऊ देत नाहीत. ज्वारी निघाली की तेच थवे सावरीवर आणि पळसावर जातात. त्यांना मराठीत पळस मैना असेही नाव आहे. एप्रिलमध्ये त्या परतीच्या प्रवासाला लागतात. एवढ्या लांबच्या उड्डाणाआधीची शिदोरी त्यांना मराठवाड्याच्या बांधावर मिळते. ज्या पक्ष्याला जानेवारीत शिव्या घातल्या तो मार्चमध्ये पळसाचे बी धरायला मदत करतो, हे शेतकऱ्याला सांगून त्याचा राग कमी होईल असे नाही. पण गोष्ट खरी आहे.

पळस या भागात टिकला त्याचे श्रेय त्याच्या चिवटपणाला द्यावे लागेल. शेळ्या-गुरे त्याची पाने फारशी आवडीने खात नाहीत. तोडला तर बुंध्यातून आणि मुळांतून पुन्हा फुटतो. मुरमाड माळ चालतो, पाणी साचणारी काळी जमीन चालते, चोपणही चालते. रोप पहिली काही वर्षे उन्हाळ्यात वरून वाळून जाते, खाली मूळ मात्र खोल जात राहते, आणि पुरेसे खोल गेल्यावर खोड वर उभे राहते. म्हणूनच दुष्काळाच्या वर्षीही फाल्गुनात पळस फुललेला दिसतो. वाळवंटातल्या बियाण्यासारखा तो चांगल्या पावसाची वाट पाहत बसत नाही.

पळसापलीकडेही पाहण्यासारखे आहे, पण त्यासाठी गाडी सोडून चालावे लागते. काटेसावर पळसाच्या थोडी आधी फुलते. तिची पाच जाड पाकळ्यांची लालभडक फुले वाटीएवढी मोठी असतात आणि देठापासून सुटली की धप्प असा आवाज करत पडतात. ओढ्याकाठी कुठे पांगारा लागतो, त्याची फुले सावरीपेक्षा गडद आणि निमुळती. खडकाळ उतारावर गणेर भेटली तर नशीब म्हणायचे. निष्पर्ण, राखाडी फांद्यांच्या टोकाला एवढी मोठी, चकचकीत पिवळी फुले पाहून ती कुणीतरी आणून खोवली असावीत असे वाटते. धायटीचे लाल तुरे असतातच.

जमीन अगदीच रिकामी नसते, हेही सांगायला हवे. पडीक रानात भुईसपाट पसरलेली भुईरिंगणी ऐन उन्हात जांभळी फुले काढते आणि पानांवरच्या लांब काट्यांमुळे तिला कुणी हात लावत नाही. उंटकटाऱ्याचे निळसर गोळे वाळत आलेले दिसतात. रस्त्याकडेचा पिवळा धोत्रा गावठी वाटतो, पण तो मूळचा मेक्सिकोचा. काही टेकड्यांवर गुलाबी-पांढऱ्या फुलांनी लगडलेली झाडे पाहून नवखा माणूस हुरळून जातो. ते गिरिपुष्प, मध्य अमेरिकेतून आणून लावलेले. छान दिसते, एवढे म्हणून पुढे जावे.

यातले कोणते झाड कोणते, हे ठरवताना अडखळणाऱ्याला एक मोठा आधार आहे. मराठवाड्यातल्या वनस्पतींची पद्धतशीर नोंद डॉ. व्ही. एन. नाईक यांनी दोन खंडांत केली आणि ती १९९८ मध्ये औरंगाबादहून प्रसिद्ध झाली. आज मोबाइलवर फोटो काढला की नाव सांगणारी अॅप्स आहेत, पण बांधावरच्या आजोबांना विचारणे अजूनही अधिक खात्रीचे. ते नावाबरोबर उपयोगही सांगतात.

पळसाचे उपयोग सांगायला बसले तर आजोबांची दुपार जाईल. तीन-तीन पानांची पत्रावळ आणि द्रोण तर सर्वांना माहीत. लग्नाच्या पंगती त्यावरच उठत. मुळांच्या सालीचा वाख काढून दोर वळत. खोडातून पाझरणारा लाल डिंक म्हणजे बाळंतिणीच्या लाडवातला कमरकस. चपट्या बिया, म्हणजे पळसपापडी, जंतांवर देत. लाखेचा किडा ज्या झाडांवर पोसतात त्यांत पळस मुख्य. आणि रंग. फुले रात्रभर भिजत घातली किंवा उकळली की पिवळे-केशरी पाणी निघते. चिमूटभर चुना टाकला की रंग आणखी तांबूस होतो. रंगपंचमीला बाजारातल्या पुड्या येण्याआधी खेड्यापाड्यांत हाच रंग असे.

जिंतूर तालुक्यातल्या तांड्यांवर होळीचे वारे महाशिवरात्रीपासूनच वाहू लागते. बंजारा समाजात होळी हा वर्षाचा मोठा सण. रात्री डफावर लेंगी म्हटली जाते, स्त्री-पुरुष फेर धरतात. पळसाच्या फुलाला बंजारा बोलीत केसुला म्हणतात आणि तो त्यांच्या गाण्यांत हटकून येतो. तांड्यातली बरीच कुटुंबे ऊसतोडीला बाहेरगावी गेलेली असतात. कारखान्याचा पट्टा पडला की ती होळीपर्यंत घर गाठू पाहतात. सहलीला आलेल्या माणसाने तांड्यात शिरताना हे ध्यानात ठेवावे. तिथे चालू असतो तो त्यांचा सण असतो, पाहुण्यांसाठी लावलेला कार्यक्रम नसतो. बोलावले तर जरूर जावे.

ऊन चढू लागले की सावलीची ठिकाणे दोन. जिंतूरपासून तीनेक किलोमीटरवर नेमगिरीची जैन लेणी आहेत. छोट्या, बुटक्या दारांतून वाकून आत गेल्यावर थंडावा अंगाला लागतो. पार्श्वनाथांची भव्य मूर्ती इथे एका लहानशा दगडावर तोललेली आहे, म्हणून ती अधांतरी असल्यासारखी वाटते. लेण्यांच्या आजूबाजूच्या टेकड्यांवरून खाली पाहिले की माळावरची केशरी झाडे एकेक करून दिसतात. जालन्याकडे जाताना लागणारे चारठाणा हे दुसरे ठिकाण. यादवकाळातली मंदिरे आणि कोरीव दगडी स्तंभ यांसाठी ते प्रसिद्ध आहे. फुलांसाठी आलेल्याने एकच निवडायचे तर नेमगिरी निवडावी.

दुपार कलल्यावर येलदरीला जाता येते. जिंतूरहून पंधराएक किलोमीटरवर पूर्णा नदीवर १९६८ मध्ये पूर्ण झालेले हे धरण सुमारे ९३४ दशलक्ष घनमीटर पाणी साठवते आणि पायथ्याच्या वीजकेंद्राची क्षमता २२.५ मेगावॅट आहे. परभणीच नव्हे, तर हिंगोली आणि नांदेडकडच्या शेतीलाही या पाण्याचा आधार. जलाशयाच्या कडेच्या टेकड्यांवर पळस आहेत आणि मावळतीच्या आधीच्या तासाभरात त्यांच्यावर तिरपे ऊन पडते. फोटो काढणाऱ्यांनी ही वेळ राखून ठेवावी. भिंतीवर जायला परवानगी लागते, पाण्यात उतरणे धोक्याचे आहे.

गर्दीची भीती इथे नाही. कॅलिफोर्नियातल्या लेक एल्सिनोर गावाजवळच्या टेकड्यांवर २०१९ मध्ये पॉपीची फुले पाहायला इतकी माणसे लोटली की फुले तुडवली गेली, रस्ते तुंबले आणि गावाला वाट बंद करावी लागली. कास पठारावर तिकीट आणि रोजच्या पर्यटकांची मर्यादा ठरवावी लागली. जिंतूरच्या पळसांना तुडवायला कुणी येत नाही. त्यांचे संकट निराळे आहे. शेताच्या वाटण्या होतात, बांध कोरले जातात, यंत्राला वळायला जागा हवी म्हणून बांधावरचे झाड आधी जाते. रस्ता रुंद होतो तेव्हा कडेची झाडे जातात. पत्रावळी गेल्या तसा झाड राखण्याचा रोजचा फायदाही गेला. महाराष्ट्राने २३ मार्च २०१८ रोजी प्लास्टिक आणि थर्माकोलच्या ताटल्यांवर बंदी घातली तेव्हा पळसाच्या पानाला पुन्हा दिवस येतील असे वाटले होते. पंगतीत मात्र बहुतेक ठिकाणी कागदाच्या ताटल्या आल्या.

आणखी एक संकट अंधश्रद्धेचे. पिवळ्या फुलांचा पळस क्वचित आढळतो, पांढऱ्याचा त्याहून दुर्मीळ. पांढऱ्या पळसाने गुप्तधन दिसते अशी समजूत आहे. झाडाचा पत्ता फुटला की फुले, साल आणि मुळ्यादेखील ओरबाडून नेणारे येतात. असे झाड दिसलेच तर त्याचा फोटो जरूर काढावा, पण गावाचे नाव आणि नकाशावरची खूण कुठेही टाकू नये. बांधाच्या मालकाला तेवढे सांगून ठेवावे.

मार्चच्या मध्यानंतर फुलांचा सडा पडतो आणि झाडावर फिकट हिरव्या, चपट्या शेंगा लोंबू लागतात. त्या वाळून हलक्या होतात. एका टोकाला बी आणि उरलेला भाग पातळ पंखाचा. वैशाखाच्या वावटळी त्यांना शेतातून शेतात नेतात आणि पहिल्या पावसात त्या रुजतात. ज्यांची फाल्गुनातली सहल हुकली त्यांनी एप्रिलच्या अखेरीस बहाव्यासाठी निघावे. तो माळापेक्षा शहरांच्या रस्त्यांवर आणि आवारांतच अधिक लावलेला आहे. त्यासाठी जिंतूरपर्यंत जायची गरज नाही, पण तेव्हा पारा चाळिशी ओलांडून गेलेला असतो. म्हणून सकाळी नऊच्या आत घरी परतता येईल अशाच बेताने बाहेर पडावे.